शब्दकोशातला सांबार

मराठीच्या बाईंनी माझी वही उघडली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात एक वाक्य वाचलं, "मामी वावरातून ताजा सांबार तोडून आणायची." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "तुमच्या गावाला सांबार शेतात उगवतो का? मग इडल्या कुठल्या झाडाला लागतात?"

वर्ग हसला. हसणारच होता, वाक्य तसंच होतं. बाई रागावल्या नव्हत्या, त्यांनी आवाजही चढवला नव्हता. वही माझ्याकडे परत आली तेव्हा 'सांबार' या शब्दाखाली दोन लाल रेघा होत्या आणि समासात लिहिलं होतं, 'असा शब्द मराठीत नाही.' दहापैकी चार गुण होते.

मी तेव्हा आठवीत होते आणि पुण्यात येऊन मला तीन महिने झाले होते. सातवीपर्यंतची शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी झाली. मग बाबांना शिवणे भागातल्या एका कारखान्यात काम मिळालं, वारज्यात दोन खोल्या मिळाल्या, आणि आई, मी आणि धाकटी बहीण अशा आम्ही त्यांच्यामागे आलो. आई समोरच्या सोसायटीत दोन घरी स्वयंपाकाला जायला लागली. तिथे पहिल्याच आठवड्यात ती 'कोथिंबीर' म्हणायला शिकली, कारण 'सांबार आणा' म्हटल्यावर त्या घरच्या काकूंनी मसाल्याचं पाकीट आणून दिलं होतं. म्हणजे कोथिंबीर हा शब्द मलाही येत होता. निबंध 'माझे आजोळ' असा होता आणि माझी मामी कोथिंबीर तोडत नव्हती. ती सांबार तोडायची. कोथिंबीर लिहिली असती तर ती दुसऱ्याच कुणाची तरी मामी झाली असती, असं मला लिहिताना वाटलं होतं.

घरी आल्यावर मी आईला विचारलं की सांबार हा मराठी शब्द आहे का. तिने पोळी उलटता उलटता माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आला आहे. "मंग काय इंग्रजी हाये?" ती म्हणाली. बाबांच्या मोबाइलवर शोधलं तर वाटीतल्या आमटीचे फोटो आले, खाली कृती आल्या, आणि एका ठिकाणी शिंगंवालं हरीणही आलं. कोथिंबीर कुठेच नव्हती. बाबा म्हणाले, "जाऊ दे ना वं. चार गुणांनी काय होते?"

मला गुणांचं काही नव्हतं. 'असा शब्द नाही' याचं होतं. तो शब्द मी जन्मापासून ऐकत होते. माझी आई, मामी, अख्खं गाव एक नसलेला शब्द बोलत होतं असं एक बाई लाल शाईने लिहून मोकळ्या झाल्या होत्या, आणि ते मला गिळता येत नव्हतं.

आमच्या शाळेचं ग्रंथालय तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला होतं. खोली लांबट, एका भिंतीला खेळाच्या गाद्या रचलेल्या, दुसऱ्या भिंतीला काचेची लोखंडी कपाटं, सगळी कुलपात. मध्ये एक मोठं टेबल. ग्रंथपाल बाई अर्धवेळ होत्या, म्हणजे मधल्या सुट्टीच्या थोडं आधी येत आणि शाळा सुटण्याआधी जात. मुलांनी पुस्तक मागितलं की टेबलावरच्या गठ्ठ्यातून त्या एक काढून देत. तो गठ्ठा ठरलेला असे, थोर माणसांची पातळ चरित्रं. कपाटं उघडत नसत, कारण कुणी उघडायला सांगतच नसे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वर गेले आणि शब्दकोश मागितला.

"कशाला?" बाईंनी विचारलं. त्या बारीक, उंच, केस घट्ट बांधलेल्या. बोलताना एकही शब्द जास्तीचा खर्च करत नसत.

"एक शब्द शोधायचा आहे."

"कोणता?"

या पण हसतील अशी भीती होती. पण सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला, शेवटच्या कपाटाचं कुलूप खोललं आणि आतले जाडजूड खंड दाखवले. "हे घरी मिळत नाहीत. इथे बसून बघायचं. आधी हात धुऊन ये, डब्याचं तेल लागेल. आणि शब्द तूच शोधायचा, मी शोधून देणार नाही."

तो शब्द शोधायला मला दोन मधल्या सुट्ट्या लागल्या. पहिली सुट्टी चुकीच्या खंडात गेली. अनुस्वाराची अक्षरं कोशात कुठे बसतात हे मला माहीत नव्हतं आणि अक्षरं इतकी बारीक होती, की खाली बोट ठेवल्याशिवाय ओळ हरवायची. बाई आपल्या टेबलाशी बसून दाखल नोंदवहीत काही लिहीत होत्या, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक पुस्तकाला जिथे क्रमांक मिळतो ती वही. मी चुकतेय हे त्यांना दिसत असणार. दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाल्या, "पानाच्या डोक्यावर शब्द छापलेले असतात. ते आधी बघत जा."

आणि मग तो सापडला. सांबार. आधी मसाला, मग आमटी, आणि सगळ्यात शेवटी कंसात दोन अक्षरं आणि एक शब्द: कोथिंबीर.

कंसातली अक्षरं 'व.' आणि 'ना.' अशी होती. त्यांचा अर्थ काय, असं विचारल्यावर बाईंनी पहिला खंड काढायला सांगितला. त्यात सुरुवातीला संक्षेपांची यादी होती. व. म्हणजे वऱ्हाडी. ना. म्हणजे नागपुरी. मी ती यादी वाचत बसले आणि सुट्टी संपल्याची घंटा मला ऐकूच आली नाही. कधीतरी कुणीतरी आमच्या बाजूला येऊन, आमच्या बायकांना विचारून, हा शब्द लिहून घेतला होता. छापला होता. इथे, आमच्या शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर, कुलपात तो होता, आणि खाली पहिल्या मजल्यावर मराठीच्या बाई म्हणत होत्या की असा शब्दच नाही.

खंड खाली न्यायची परवानगी मिळणार नव्हती. म्हणून मी ती नोंद वहीत उतरवून घेतली, खंड आणि पान लिहिलं, आणि ग्रंथपाल बाईंना म्हटलं की यावर शिक्का द्या.

"भांडायला जाणार आहेस?"

"नाही. दाखवायला."

"तेच ते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी माझी वही आणि कोश शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, माझी एक वेलांटी दुरुस्त केली, खाली 'मूळ ग्रंथावरून खरी नक्कल' असं लिहून सही केली आणि ग्रंथालयाचा गोल शिक्का मारला.

शिक्षकांच्या खोलीत मी आत यायची परवानगी मागून गेले. मराठीच्या बाई चहा पीत होत्या. त्यांनी माझं पान वाचलं, बराच वेळ वाचलं. मग वही मिटून माझ्यापुढे केली. "कोशात शिव्यासुद्धा असतात. म्हणून त्या निबंधात लिहायच्या का?"

शेजारच्या खुर्चीतल्या बाई हसल्या.

"सांबार शिवी नाही, बाई," मी म्हणाले. "आणि तुम्ही लिहिलं आहे, की असा शब्द मराठीत नाही."

"निबंध प्रमाणभाषेत लिहायचा असतो. जा वर्गात."

प्रमाणभाषेचं त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. 'इथे कोथिंबीर लिही' असं त्यांनी समासात लिहिलं असतं तर मी निमूटपणे लिहिली असती. पण त्यांनी तसं लिहिलं नव्हतं. आणि जे लिहिलं होतं ते खोटं होतं, तरी खोडायची त्यांची तयारी नव्हती. मी दारातून बाहेर पडले तेव्हा आपण काही चुकीचं केलं असं मला एक क्षणही वाटलं नाही. आजही वाटत नाही.

चार दिवसांनी ग्रंथालयाच्या दारावर एक सूचना लागली. विद्यार्थ्यांनी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात गर्दी करू नये, संदर्भ ग्रंथ केवळ शिक्षकांसाठी आहेत. खाली मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची सही होती. मी ती सूचना दोनदा वाचली. मधल्या सुट्टीत तिथे मी सोडून कुणीच येत नसे. गर्दी म्हणजे मीच होते.

ग्रंथपाल बाई आत होत्या. त्यांनी काचेतून मला पाहिलं, दार उघडलं नाही, पण नजरही वळवली नाही. वर्गाच्या दिशेने बोट करून त्यांनी काहीतरी सांगितलं. मला वाटलं, जा म्हणतायत. वर्गात आल्यावर कळलं. दाराच्या आतल्या बाजूला आमचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं आणि त्यात गुरुवारचा पाचवा तास होता: ग्रंथालय. जूनपासून त्या तासाला गणिताचे सर येत होते आणि आम्ही कुणी कधी ते वाचलंच नव्हतं.

गुरुवारी सर आले तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं, सर, हा तास ग्रंथालयाचा आहे. सर म्हणाले, अभ्यासक्रम तुझे वडील पुरा करणार का? मी बसले नाही. मग ते चिडून म्हणाले की तास हवा असेल तर मोठ्या बाईंकडे अर्ज करा, वेळापत्रक मी करत नाही. मी ते मनावर घेतलं.

माझ्या बाकावर बसणारी मुलगी वारज्याच्या जुन्या गावठाणातली होती. त्यांच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या होत्या, दारात मोठी गाडी होती, पण घरातलं बोलणं जुनंच होतं. मी तोंड उघडलं की ती सगळ्यांबरोबर हसायची. त्या गुरुवारी मात्र तिने हळूच विचारलं की त्या कोशात 'माळवं' असेल का. तिची आजी भाजीपाल्याला माळवं म्हणते आणि पाचवीत असताना तिलाही त्यावरून वर्गात उभं केलं होतं. तोपर्यंत मला वाटत होतं, की पुण्याची म्हणजे ती. तिलाही कुणीतरी तसंच हसलेलं होतं.

अर्ज आम्ही दोघींनी मिळून लिहिला. 'वेळापत्रकात नमूद केलेला ग्रंथालयाचा तास इयत्ता आठवी ब च्या विद्यार्थ्यांना मिळावा व त्या तासाला शब्दकोश वापरण्याची परवानगी असावी.' मी तो सात वेळा लिहून काढला. व्याकरणाच्या पुस्तकातून प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ तपासला. मला तो इतका शुद्ध हवा होता, की लाल पेनाला टेकायलाही जागा राहू नये. एकतीस सह्या झाल्या. त्यातल्या निम्म्या मुलग्यांनी गणित टळेल म्हणून केल्या होत्या. मी कुणाला कारण विचारलं नाही.

मोठ्या बाईंनी मला एकटीला बोलावलं. अर्ज त्यांच्यापुढे होता. हा कुणी लिहून दिला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी लिहिला. त्यांनी पुन्हा विचारलं. त्यांना एकच नाव ऐकायचं होतं आणि ते तिसऱ्या मजल्यावरचं होतं. मी तिसऱ्यांदाही मीच लिहिला असं सांगितलं. तेव्हा त्या म्हणाल्या, उद्या वडिलांना घेऊन ये.

घरी हे सांगितल्यावर आई घाबरली. "काहून भांडून रायली वं तू त्या मॅडमसंग? नाव काढून टाकलं शाळेतून त?" दुसऱ्या दिवशी बाबांनी अर्धी सुट्टी घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि माझ्याबरोबर चालत आले. वाटेत एवढंच म्हणाले, की मोठ्या आवाजात बोलू नको. मला वाटलं, आता माफी मागावी लागणार.

ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले. मोठ्या बाई शांतपणे बराच वेळ बोलल्या. मुलगी हुशार आहे, पण उद्धट आहे. शिक्षकांना पुरावे दाखवते. सह्या गोळा करते. नवीन मुलांनी आधी शाळेची रीत शिकावी. बाबा मान हलवत होते. बाईंचं संपल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, ते पुस्तक शाळेचंच हाये न?"

"कोणतं?"

"ते शब्दाचं. जाडं."

"हो, शाळेचंच आहे."

"मंग पोरीनं पाह्यलं त काय झालं?"

ते भांडत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं आणि ते उत्तराची वाट पाहत होते. टेबलावरचा अर्ज मोठ्या बाईंनी सरळ केला. मग म्हणाल्या की वेळापत्रकात तास आहे तर तो मिळेल, पण मधल्या सुट्टीची सूचना तशीच राहील आणि शिक्षकांशी बोलताना जिभेला लगाम हवा. बाबांनी नमस्कार केला. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर एकदा हात ठेवला आणि कामावर गेले. घरी आम्ही त्या भेटीबद्दल कधी बोललो नाही.

पुढच्या गुरुवारी पाचव्या तासाला आम्ही चाळीस जण तिसऱ्या मजल्यावर गेलो. ग्रंथपाल बाईंनी सगळ्यांना हात धुवायला लावले, त्यातच दहा मिनिटं गेली. मग शेवटचं कपाट उघडलं. एका खंडाला पाच जण अशी वाटणी झाली. माळवं सापडलं तेव्हा माझ्या बाकावरच्या मुलीने ते पान तीन वेळा वाचलं आणि मग खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. त्यानंतर मुलं घरून शब्द आणायला लागली. कुणाची आई बीडची, कुणाचे वडील जळगावचे, कुणाची आजी मुळशीची. काही शब्द सापडत, काही नाही. जे सापडत नसत ते बाई एका वेगळ्या वहीत लिहून ठेवायला सांगत. "कोशात नाही म्हणजे कोशाला माहीत नाही," असं त्या म्हणाल्या. त्यांचं हे वाक्य माझ्या कायमचं लक्षात राहिलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही त्या शब्दांचं एक भित्तिपत्रक केलं आणि पहिल्या मजल्यावरच्या फलकावर लावलं. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, घरात कोण बोलतं ते, आणि खंड व पान. मराठीच्या बाई तिथे थांबल्या. मी पाण्याच्या नळाशी उभी राहून बघत होते. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं, पर्समधून लाल पेन काढलं, एका शब्दाची पहिली वेलांटी दुसरी केली आणि पुढे गेल्या. मी जवळ जाऊन पाहिलं. त्यांची दुरुस्ती बरोबर होती. मी दुसऱ्या दिवशी तो कागद नव्याने लिहून लावला.

माझे चार गुण चारच राहिले. समासातलं वाक्य त्यांनी कधी खोडलं नाही आणि त्या विषयावर माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. दारावरची सूचना मात्र एक दिवस चिकटपट्टी सुटून खाली पडली. शिपाई मावशींनी ती झाडून नेली आणि कुणीच परत लावली नाही. मी मधल्या सुट्टीत पुन्हा वर जायला लागले.

ग्रंथपाल बाईंना या प्रकरणात लेखी खुलासा द्यावा लागला होता, हे मला दहावीनंतर कळलं. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला गेले होते तेव्हा मी वर जाऊन त्यांना भेटले आणि विचारलं की माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला का. त्यांनी खणातून त्या खुलाशाची आपल्याकडे ठेवलेली स्थळप्रत काढून माझ्यापुढे सरकवली. त्यात तीन वाक्यं होती. विद्यार्थिनीने शब्दकोश मागितला. ग्रंथालयात शब्दकोश होता. दिला.

आता मी लिहिते, आणि कार्यक्रमांना गेलं की हा प्रसंग मला सांगायला लावतात. सांगून झालं की कुणीतरी उठून हमखास म्हणतं, त्या मराठीच्या बाईंचे आभारच मानायला हवेत, त्यांनी हसं केलं म्हणून तुम्ही घडलात. मी दर वेळी नाही म्हणते. लोकांना ते आवडत नाही, त्यांना गोष्ट गोड झालेली हवी असते. पण मी का आभार मानू? माझ्याबरोबर त्या वर्गात आणखीही मुली होत्या, ज्यांच्या एखाद्या शब्दावर कुणीतरी हसलं आणि त्यांनी मग वर्गात तोंडच उघडलं नाही. त्यांना कुणी कार्यक्रमाला बोलावत नाही. मला कपाट उघडून मिळालं, हात धुऊन बसायला टेबल मिळालं, आणि ग्रंथपाल बाईंनी माझी वेलांटी दुरुस्त करून खाली सही केली. आभार मानायचे तर त्यांचे आहेत. मराठीच्या बाईंनी माझं हसं केलं नसतं, तरी मी कधीतरी तो जिना चढलेच असते. थोडी उशिरा चढले असते इतकंच.